मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरची स्वच्छता

मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरची स्वच्छता म्हणजे इंजिनाला हवा व पेट्रोल यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण पुरवणारे कार्ब्युरेटर हे उपकरण सुटे करणे, त्यात साचलेली चिकट राळ, गंज, पाणी, माती व क्षार काढून टाकणे आणि ते मूळ मापांनुसार पुन्हा जोडणे ही प्रक्रिया होय. जुन्या, तसेच दीर्घकाळ बंद राहिलेल्या मोटारसायकलींच्या देखभालीत तिला विशेष महत्त्व आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींमध्ये बहुतांशी फ्युएल इंजेक्शन प्रणाली आली. त्यापूर्वीच्या वाहनांचे आयुष्य मात्र आजही कार्ब्युरेटरच्या स्थितीवर अवलंबून आहे.

कार्ब्युरेटर हे वस्तुतः मोजमापाचे साधन आहे. त्यातील पितळी जेटांची छिद्रे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक कोरलेली असतात. त्यामुळे या कामाचा हेतू उपकरण चकचकीत करणे हा नसून, छिद्रांची मूळ मापे अबाधित राखून इंधनाचे व हवेचे मार्ग मोकळे करणे हा असतो. साचलेला मळ द्रावकाने विरघळवता येतो. तारेने खरवडून मोठे झालेले छिद्र मात्र पूर्ववत करता येत नाही.

पार्श्वभूमी

प्रवाहाचा वेग वाढला असता त्याचा दाब कमी होतो, हे तत्त्व डॅनिएल बर्नूली यांनी १७३८ मध्ये ‘हायड्रोडायनामिका’ या ग्रंथात मांडले. नळी अरुंद होत गेल्यास प्रवाहावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. या दोन्हींच्या आधारे, बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी तयार केले.

भारतात रॉयल एनफिल्ड बुलेटची जुळणी १९५५ मध्ये मद्रास येथे सुरू झाली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा व पुढे येझदी या गाड्या बाहेर पडू लागल्या. ते उत्पादन १९९६ मध्ये थांबले. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवर आधारलेली होती. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या जपानी रचनेच्या गाड्या आल्या. या गाड्यांवर प्रामुख्याने चार घडणींचे कार्ब्युरेटर आढळतात: ब्रिटिश अमल, चेकोस्लोव्हाक यिकोव्ह, आणि जपानी मिकुनी व केहीन. बुलेटवर प्रारंभी अमल घडणीचे आणि नंतर मिकुनीच्या सहकार्याने भारतात बनलेले ‘मिककार्ब’ हे कार्ब्युरेटर बसवले जाई. जावा-येझदीवर यिकोव्ह, आरएक्स १०० वर मिकुनी, तर हीरो होंडावर केहीन घडणीचे कार्ब्युरेटर असते.

रचना व कार्य

कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते. तिला गॅरेजमध्ये बाऊल किंवा कटोरी म्हणतात. वाटीत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी ठरावीक उंचीवर आली की फ्लोट पिनने येणारा मार्ग बंद करतो. इंजिन हवा खेचू लागले की मधल्या अरुंद गळ्यात दाब कमी होतो आणि वाटीतील पेट्रोल जेटांमधून वर चढून हवेत मिसळते. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम पुढील भाग वाटून घेतात.

• स्लो जेट किंवा पायलट जेट: इंजिन रिकामे फिरताना आणि थ्रॉटल साधारण पाव भाग उघडेपर्यंत पेट्रोल पुरवते. यातील छिद्र सर्वांत बारीक असल्याने ते सर्वांत आधी तुंबते.
• स्लाइड: थ्रॉटलच्या तारेने वरखाली होणारा दंडगोल. त्याच्या खालच्या कडेचा तिरपा काप थ्रॉटल नुकतेच उघडताना मिश्रण ठरवतो.
• सुई व नीडल जेट: पाव ते पाऊण थ्रॉटलपर्यंतचे नियंत्रण. सुईच्या डोक्याशी असलेल्या खाचांपैकी एकीत क्लिप बसवलेली असते.
• मेन जेट: पाऊण ते पूर्ण थ्रॉटलसाठी. त्याच्या वर इमल्शन नळी असते. तिच्या बाजूच्या छिद्रांतून आलेली हवा पेट्रोलला फेसाळ रूप देते.
• एअर स्क्रू किंवा मिक्श्चर स्क्रू: रिकाम्या इंजिनाचे मिश्रण जुळवण्यासाठी.
• चोक: थंड इंजिन सुरू करण्यासाठी मिश्रण गाढ करणारी योजना. अमल व यिकोव्ह घडणीत त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला फ्लोट खाली दाबणारे टिकलर हे बटण असते.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० सारख्या नंतरच्या काही गाड्यांत स्लाइड तारेऐवजी रबरी पडद्यावरील दाबाच्या फरकाने उचलली जाते. अशा कार्ब्युरेटरच्या सफाईत त्या पडद्याची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते.

मळ साचण्याची कारणे

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. गाडी बंद राहिली की त्यातील हलके घटक प्रथम उडून जातात. उरलेल्या जड घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन आधी चिकट राळ आणि नंतर वार्निशसारखा तपकिरी, कठीण थर तयार होतो. वाटीतील पेट्रोल अत्यल्प असल्याने ही क्रिया टाकीपेक्षा तिथे लवकर घडते. राजदूत व जुन्या येझदीसारख्या टूस्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेले हे ऑइल जेटांत दाट होऊन बसते.

दुसरे कारण म्हणजे टाकीतील गंज. पोलादी टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेमुळे तिच्या वरच्या भागाला गंज चढतो. त्याची भुकटी पेट्रोल कॉकच्या जाळीतून निसटून फ्लोट पिनच्या बैठकीवर अडकते आणि पेट्रोल वाहू लागते. तिसरे कारण पाणी. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे जुने रबर पाणी आत सोडते. पेट्रोलपेक्षा जड असलेले हे पाणी वाटीच्या तळाशी, म्हणजे नेमके मेन जेटच्या तोंडाशी, साचते. पाण्याच्या सततच्या संपर्काने जस्त वा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या वाटीत पांढरे क्षार धरतात. यांशिवाय फाटक्या एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ आणि रबरी नळीचे झिजलेले कण हेही अडथळा निर्माण करतात.

लक्षणे व निदान

बिघाड थ्रॉटलच्या कोणत्या टप्प्यावर जाणवतो, यावरून तुंबलेल्या भागाचा अंदाज करता येतो. गाडी चोक ओढून सुरू होते, परंतु चोक बंद करताच किंवा सिग्नलला थांबताच विझते, असे असल्यास स्लो जेट अथवा त्याचा हवेचा मार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. मध्यम वेगात धक्के बसत असतील, तर सुई व इमल्शन नळी पाहावी. चढावर किंवा पूर्ण थ्रॉटलला ताकद तुटत असेल, तर मेन जेट वा वाटीत येणारा पेट्रोलचा प्रवाह संशयास्पद ठरतो. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकणे हे फ्लोट पिन न बसण्याचे किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरल्याचे लक्षण होय.

स्पार्क प्लगचा रंगही उपयुक्त ठरतो. फिकट तपकिरी रंग योग्य मिश्रण दर्शवतो, काजळीसारखा काळा रंग गाढ मिश्रण, तर पांढुरका रंग विरळ मिश्रण. विरळ मिश्रण विशेष घातक असते. त्याने इंजिन अति तापते, आणि टूस्ट्रोक इंजिनात पिस्टन जाम होण्याची भीती असते. गाढ मिश्रणामुळे पेट्रोलचा खप व धूर वाढतो आणि प्रदूषण तपासणीत गाडी अनुत्तीर्ण होऊ शकते. भारतातील पी.यू.सी. तपासणीत रिकाम्या फिरणाऱ्या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींसाठी ४.५ टक्के, तर त्यानंतरच्या दुचाकींसाठी भारत स्टेज ४ येईपर्यंत ३.५ टक्के आहे. याच अवस्थेत स्लो जेट व मिक्श्चर स्क्रू यांचे काम चालत असल्याने त्यांची स्थिती या तपासणीत थेट दिसून येते.

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी प्लग, एअर फिल्टर, टॅपेटचे अंतर, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड तपासून घ्यावेत. तडा गेलेल्या जोडातून हवा ओढली गेल्यासही स्लो जेट तुंबल्यासारखीच लक्षणे दिसतात.

पूर्वतयारी

काम मोकळ्या, हवेशीर जागी आणि थंड इंजिनावर करतात. पेट्रोल कॉक बंद करून वाटीचा तळाचा स्क्रू सैल करावा आणि आतील पेट्रोल पारदर्शक बरणीत काढावे. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवली की पाणी तळाशी वेगळे दिसते आणि गंजाचे कणही ओळखता येतात. टाकीतून गंज येत असल्यास आधी टाकी व कॉकची जाळी स्वच्छ करणे आवश्यक ठरते. अन्यथा कार्ब्युरेटर काही दिवसांतच पुन्हा तुंबतो.

जपानी घडणीच्या कार्ब्युरेटरवरील प्लस खाचेचे स्क्रू जपानी प्रमाणानुसार असतात. नेहमीचा प्लस स्क्रू ड्रायव्हर त्यांत तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावताच खाच झिजवतो. म्हणून त्या प्रमाणाचा ड्रायव्हर वापरतात. पितळी जेटांसाठी खाचेच्या पूर्ण रुंदीएवढ्या पात्याचा ड्रायव्हर लागतो. घट्ट बसलेल्या जेटवर भेदक तेल टाकून काही तास थांबणे जोर लावण्यापेक्षा श्रेयस्कर असते.

सुटे करणे

कार्ब्युरेटरचे वरचे झाकण उघडून स्लाइड व सुई बाहेर काढतात. क्लिप सुईच्या कितव्या खाचेत आहे हे लिहून ठेवावे. क्लिप एक खाच वर गेल्यास सुई खाली उतरते व मिश्रण विरळ होते. एक खाच खाली गेल्यास ते गाढ होते. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजावे व नोंदवावे. बैठकीवर जोराने आवळल्यास स्क्रूचे टोकदार तोंड दबते किंवा तुटून मार्गात अडकते.

त्यानंतर वाटी काढून फ्लोटची पिन हळुवार सरकवतात. पिन धरणारे खांब ओतीव धातूचे व नाजूक असून हातोडीच्या ठोक्याने तुटतात. पिन एका बाजूने किंचित जाड असल्यास ती त्याच बाजूने बाहेर काढावी लागते. फ्लोट, फ्लोट पिन, मेन जेट, इमल्शन नळी व स्लो जेट हे भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने स्वच्छ कापडावर मांडून ठेवतात. दुहेरी कार्ब्युरेटरच्या गाडीत, उदाहरणार्थ राजदूत ३५० मध्ये, दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

रबरी पडदा, ओ-रिंग, पॅकिंग आणि प्लास्टिकचे भाग द्रावकात टाकण्यापूर्वीच बाजूला काढणे आवश्यक आहे. तीव्र द्रावकाने रबर फुगते, आणि असा फुगलेला पडदा पुन्हा आपल्या खोबणीत बसत नाही.

स्वच्छतेच्या पद्धती

द्रावक: सौम्य मळासाठी स्वच्छ पेट्रोल किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. वार्निशचा थर असल्यास कार्ब्युरेटर क्लीनर म्हणून मिळणारे, ॲसिटोन, टोल्युइन, झायलिन यांसारखे द्रावक असलेले फवारे वापरतात. भाग काही तास भिजत ठेवून मग धुतल्यास घासण्याची गरज बहुधा उरत नाही. प्रत्येक मार्गात फवारा मारून तो दुसऱ्या तोंडातून मोकळेपणाने बाहेर येतो की नाही हे पाहणे, ही या पद्धतीतील खरी कसोटी होय.

दाबाची हवा: द्रावकाने सैल झालेला मळ कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढतात. हवा शक्यतो पेट्रोलच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मारावी, म्हणजे अडकलेला कण अधिक अरुंद भागात न जाता आल्या वाटेने निघतो. फ्लोट व रबरी पडदा जागेवर असताना हवा मारल्यास ते फाटण्याचा वा वाकण्याचा संभव असतो.

श्राव्यातीत ध्वनिलहरी: साबणमिश्रित कोमट पाण्याच्या भांड्यात सुमारे ४० किलोहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी सोडल्या असता असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि ब्रश न पोहोचणाऱ्या आतील मार्गांतला मळ सुटतो. ही पद्धत परिणामकारक असली तरी भाग जास्त वेळ ठेवल्यास मिश्रधातूचा पृष्ठभाग काळवंडू शकतो. शेवटी भाग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच हवेने कोरडे करावे लागतात.

घरगुती उपाय: लिंबाचा रस, व्हिनेगर वा सायट्रिक आम्लाचे पाणी पांढरे क्षार विरघळवते, परंतु तेच आम्ल जस्त व ॲल्युमिनियमलाही खाते. म्हणून त्याचा वापर विरल स्वरूपात, थोडा वेळ आणि नंतर भरपूर पाण्याने धुण्याच्या अटीवरच करावा. कॉस्टिक सोडा मात्र पूर्णतः वर्ज्य आहे. ॲल्युमिनियम व जस्त यांच्याशी त्याची जोमदार क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो आणि कार्ब्युरेटर निकामी होतो. वाळूचा मारा करून बाह्यभाग उजळण्याची पद्धतही धोक्याची आहे, कारण आतील मार्गांत शिरलेला कण पूर्णपणे निघेलच याची खात्री नसते.

जेटचे छिद्र आणि तारेचा वापर

तुंबलेल्या जेटमधून ब्रेकच्या तारेचा तंतू, सुई किंवा टाचणी फिरवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. केहीन पद्धतीत जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. ३५ क्रमांकाच्या स्लो जेटचे छिद्र ०.३५ मिमी असते. पोलादी तार पितळापेक्षा कठीण असल्याने ती छिद्राची कड झिजवते. ०.३५ मिमीचे छिद्र ०.४० मिमी झाले, तर व्यासातील फरक डोळ्यांना दिसत नाही. परंतु छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ते सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते आणि त्यानुसार मिश्रण गाढ होते. उलटपक्षी त्याच छिद्राच्या भिंतीवर अवघा ०.०२५ मिमी जाडीचा राळेचा थर बसला, तर क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी घटते. यावरून उजेडासमोर धरून ‘आरपार दिसते’ एवढ्यावर जेट स्वच्छ मानणे का अपुरे आहे, हे स्पष्ट होते.

मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरील आकडा व्यासाचा नसून प्रवाहाचा निदर्शक असतो. त्यामुळे दोन घडणींचे समान क्रमांकाचे जेट परस्परांऐवजी वापरता येत नाहीत. भिजवून व हवा मारूनही मार्ग मोकळा न झाल्यास पितळापेक्षा मऊ असा नायलॉनचा बारीक धागा वापरता येतो. तेवढ्यानेही काम न भागल्यास मूळ क्रमांकाचे नवे जेट बसवणे हाच योग्य उपाय ठरतो. बाजारातील जेनेरिक दुरुस्ती-संचातील जेटांच्या छिद्रांत तफावत असू शकते. म्हणून शाबूत असलेले मूळ जेट फेकून न देता स्वच्छ करून पुन्हा वापरणे जाणकार पसंत करतात.

झिजेची तपासणी

सफाईच्या वेळी झिजलेले भागही पाहून घेतले जातात, कारण झीज सफाईने भरून निघत नाही. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळते का ते ऐकतात. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवल्यास बारीक छिद्रातून बुडबुडे निघतात. अशा फ्लोटला डाग देण्यापूर्वी आतील पेट्रोल पूर्णपणे काढून टाकणे अत्यावश्यक आहे. तापल्यावर आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो.

फ्लोट पिनच्या टोकावर वळ्यासारखी खूण उमटली असल्यास पिन बदलतात. सुई व नीडल जेट एकमेकांवर घासून झिजलेले असल्यास मध्यम वेगात मिश्रण गाढ राहते. स्लाइड आपल्या मार्गात खडखडत असल्यास कडेने हवा आत येते व इंजिनाची मंद चाल स्थिर राहत नाही. कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी पट्टी नट अति आवळल्याने वाकलेली असू शकते. सपाट काचेवर धरून तिची समपातळी तपासता येते.

जोडणी व समायोजन

जोडताना ओ-रिंग व पॅकिंग नवी वापरणे इष्ट असते. पितळी जेट मऊ धातूच्या आट्यांत बसत असल्याने ती बेताने आवळावी लागतात. कार्ब्युरेटर उलटा धरून फ्लोटची उंची मोजतात व वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाशी ताडून पाहतात. फ्लोटला धातूची जीभ असल्यास ती किंचित वाकवून उंची जुळवता येते.

स्लाइडचा तिरपा काप एअर फिल्टरच्या दिशेने यावा लागतो. ती उलट बसल्यास थ्रॉटल पूर्ण मिटत नाही आणि इंजिन सुरू होताच बेफाम फिरू लागते. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी मूठ सोडताच स्लाइड खट् आवाज करून खाली येते ना, तसेच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले असता तार ओढली जात नाही ना, हे तपासणे अनिवार्य आहे.

मिश्रणाचा स्क्रू प्रथम नोंदवलेल्या फेऱ्यांवर ठेवतात. नोंद नसल्यास दीड फेरा ही प्रारंभीची सर्वसाधारण स्थिती मानली जाते. अंतिम समायोजन इंजिन चांगले तापल्यावर, चोक बंद असताना करतात. स्क्रू हळूहळू फिरवून इंजिनाची चाल जिथे सर्वाधिक व स्थिर होते ते स्थान शोधावे आणि मग स्लाइडच्या स्क्रूने रेस कमी करावी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो व आत फिरवल्यास मिश्रण गाढ होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यास ते विरळ होते. दुहेरी कार्ब्युरेटर असल्यास दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातील अशी तारांची जुळवणी करावी लागते.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. घराच्या गॅलरीत किंवा अंगणात काम करताना स्वयंपाकाचा गॅस, गॅस गीझर, देवघरातील समई, विडी-सिगारेट आणि ठिणगी उडवणारी विजेची साधने यांपासून अंतर राखणे आवश्यक असते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवतात. आग विझवण्यासाठी कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक किंवा वाळू जवळ ठेवावी. पाण्याने पेटलेले पेट्रोल पसरते.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे किंवा जेट ओठांना लावून फुंकणे या सवयी घातक आहेत. पेट्रोलमध्ये बेंझिन हा कर्करोगकारक घटक असतो, तर श्वासमार्गात गेलेल्या पेट्रोलने फुप्फुसांना गंभीर इजा होते. फवारा वापरताना चष्मा व द्रावकाला टिकणारे हातमोजे वापरतात, कारण एका छिद्रात मारलेला फवारा अनपेक्षितपणे दुसऱ्यातून डोळ्यांत उडतो. वापरलेले घाण पेट्रोल गटारात, विहिरीजवळ वा मातीत ओतू नये. ते झाकणबंद डब्यात साठवून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल व जुन्या गाड्या

भारतात २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. या इथेनॉलचा एक भाग महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनींतून येतो. १९८० च्या वा १९९० च्या दशकातील कार्ब्युरेटर अशा इंधनासाठी घडवलेले नव्हते. त्यामुळे त्यांच्या देखभालीत तीन बाबी नव्याने विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब पाण्याची. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात, आणि कॉक व जेट नेमका तोच थर खेचतात. दुसरी बाब साहित्याची. जुन्या कॉकमधील बुचाचे पॅकिंग, लाखेचा लेप दिलेले भाग आणि जुन्या प्रकारचे रबर यांवर इथेनॉलचा परिणाम होतो. म्हणून सफाईच्या वेळी नळ्या व ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घेणे योग्य ठरते. तिसरी बाब प्रमाणाची. शुद्ध इथेनॉलच्या ज्वलनाला वजनाने सुमारे ९ पट हवा पुरते. त्यामुळे जुन्याच जेटमधून ई२० दिल्यास मिश्रण काहीसे विरळ पडते. आधीच अंशतः तुंबलेले जेट आणि ई२० हे एकत्र आल्यास हा विरळपणा वाढतो. पूर्ण स्वच्छ कार्ब्युरेटरमध्येही प्लग सतत पांढरा दिसत असेल, तर सुई एक खाच वर उचलणे किंवा एक क्रमांक मोठे जेट बसवणे हा मार्ग अवलंबला जातो. मात्र आधी सफाई व नंतर बदल हाच क्रम ठेवावा लागतो. अन्यथा मळामुळे झालेल्या विरळपणावर मोठ्या जेटचा चुकीचा उपाय केला जातो.

बंद ठेवावयाच्या गाडीची काळजी

गाडी काही आठवडे बंद ठेवायची असल्यास पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवतात आणि नंतर वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल काढतात. वाटी कोरडी राहिल्यास राळ तयार होत नाही. संपूर्ण पावसाळा गाडी झाकून ठेवावयाची असल्यास टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात देतात; अर्धवट भरलेली टाकी सर्वांत लवकर गंजते. टाकी व कार्ब्युरेटर यांमध्ये लहान फिल्टर बसवल्यास गंजाचे कण अडतात. परंतु केवळ उंचीच्या फरकाने पेट्रोल वाहत असल्याने तो फिल्टर प्रवाह रोखणारा नसावा.

सद्यःस्थिती

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मिश्रणाचे प्रमाण संवेदक व संगणकीय नियंत्रण यांद्वारे ठरते. त्यामुळे कानाने इंजिनाची चाल ऐकून स्क्रू जुळवण्याचे कौशल्य नव्या दुरुस्तीकामात फारसे लागत नाही. जुन्या गाड्यांचे मूळ कार्ब्युरेटर व जेट आता नव्याने मिळणे कठीण होत चालले आहे. परिणामी, एखादे जेट तारेने खराब होणे ही पूर्वी किरकोळ खर्चाची बाब होती. आज त्यामुळे गाडीचा मूळ भाग कायमचा गमावला जाऊ शकतो. मूळ जेटांचे क्रमांक, सुईची खाच, स्क्रूचे फेरे आणि फ्लोटची उंची यांची लेखी नोंद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवल्यास पुढील मालकाला व कारागिराला तिचा उपयोग होतो.

हेही पहा

• कार्ब्युरेटर
• अंतर्ज्वलन इंजिन
• टूस्ट्रोक इंजिन
• फ्युएल इंजेक्शन
• इथेनॉल
• रॉयल एनफिल्ड बुलेट